पेवातलं हाड

मोठ्या आजीनं तपासायला दिलेल्या हाडाचं शेवटी काय निघालं, असं तुम्ही दोघांनी तिच्या तेराव्यानंतर फोनवर विचारलंत. "नक्की असं काही निघालं नाही," एवढंच मी म्हणाले आणि विषय जेवणाखाण्यावर नेला. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. माझी सगळी नोकरी कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. अपुऱ्या उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत. म्हणून आता क्रमानं लिहिते. वाचताना अडलात तर आईला विचारा.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ, तुमच्या आजोबांच्या मोठ्या भावाची बायको, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती त्यांची दुसरी बायको होती, हे बहुधा ठाऊक नसेल. पहिली बाळंतपणात गेली, मग हिला आणली. नवरा तिच्याहून खूप मोठा, डोक्याचे केस पिकायला लागलेला. ईट गावाच्या अलीकडच्या ज्या खेड्यातून ती आली, तिथल्या तिच्या वयाच्या मुलींना सरळ स्थळं मिळाली. हिला मिळालं नाही, कारण ही मापाड्याची मुलगी होती.

मापाडी म्हणजे धान्य मोजून देणारा. खळ्यावर रास पडली की त्याला बोलावणं जायचं. अधोलीनं, म्हणजे अर्ध्या पायलीच्या मापानं, तो ज्वारी मोजायचा आणि मोजलेली ज्वारी त्याच्या डोळ्यांदेखत पेवात उतरायची. पेव तुम्ही पाहिलेलं नाही. जमिनीत खणलेला, तोंडाला अरुंद आणि पोटात रुंद असा खोल खड्डा. आतून शेणामातीनं लिंपायचा, कडेनं कडबा लावायचा, धान्य भरायचं आणि तोंडावर शिळा ठेवून माती लोटायची. ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. आपलं पेव कुठं आहे हे ज्याच्या त्याच्या घराला माहीत असे. गावातली सगळी पेवं कुठं आहेत आणि कुठल्यात किती आहे, हे फक्त मापाड्याला.

निजामाचं राज्य मावळत होतं ते वर्ष. हत्यारबंद टोळ्या गावोगाव धान्य लुटत हिंडत होत्या. त्या गावात टोळी शिरली ती कुणालाही न विचारता एकेका भरल्या पेवावर जाऊन उभी राहिली. रिकामं एकही उकरलं नाही. आड आलेली दोन माणसं मारली गेली. आणि त्या दिवसापासून मापाडी कुणाला दिसला नाही. गावानं आपली बेरीज केली: पेवं यानंच दाखवली, वाटा घेतला आणि हैदराबादेकडं पळाला. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. पोटात तुमची मोठी आजी होती.

जाऊबाईंच्या आईला मी पाहिलं आहे. शेवटची काही वर्षं त्या आमच्याकडंच कळंबला होत्या. बुटक्या, काटक, बोलणं कमी, कपाळावर मोठं ठसठशीत कुंकू. गावातल्या बायका म्हणत, "हैदराबादच्या कुंकवाचा रंग लई टिकतो बघा." पाणवठ्यावर, जात्यावर, लग्नात, कुठंही. मी नवी होते, शिकलेली होते, एकदा सरळ विचारलं की तुम्ही हे लावता कशाला. त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "पुसलं तर त्यास्नी म्याच मारल्यासारखं व्हईल."

त्या गेल्या त्या कुंकवासकट. त्यांचा एकच फोटो आहे, कळंबच्या स्टुडिओत काढलेला. जाऊबाईंनी तो देवघराशेजारी लावला आणि रोज सकाळी अंघोळ झाली की काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, कुंकवाचं बोट टेकवायच्या. तुम्ही लहानपणी विचारलं होतंत की मोठी आजी काचेला का रंगवते. त्याचं उत्तर हे आहे.

आता हाडाकडं येते. आपल्याकडच्या जुन्या गावांना एक पांढर असते. वस्तीवर वस्ती पडून झालेला पांढऱ्या मातीचा उंचवटा. पाऊस झाला की तिथं खापरं, रंगीत मणी वर येतात. काही पांढरी दोन हजार वर्षांच्याही असतील. माती घट्ट आणि कोरडी, म्हणून लोक पेवंही तिथंच खणायचे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात जाऊबाईंच्या माहेरी रस्ता रुंद करायला जेसीबीनं पांढरीची कड कापली, तेव्हा एक बुजलेलं पेव उघडं पडलं. तळाशी काळी पडलेली ज्वारी आणि एका माणसाची हाडं.

पोलीस येऊन गेले, डॉक्टर बघून गेले. हाडं जुनी आहेत, तपासासारखं काही नाही, असं ठरलं. गावानं ठरवलं की पांढरीतली आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी, नदीत सोडून मोकळं व्हावं. जाऊबाईंच्या चुलत भाच्यानं फोन केला, "आत्या, यायचं असंल तर उद्याच या." आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं गेलो.

हाडं एका पांढऱ्या कापडावर ठेवली होती. जाऊबाई त्यांच्याशेजारी मातीत बसल्या. मी पेवाच्या तोंडाशी उभी राहून विचार करत होते. साठवलेलं धान्यही श्वास घेतं. बंद पेवातली ज्वारी आतला प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतो. म्हणून जुनी माणसं पेव उघडलं की ते दिवसभर तसंच सोडत, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला की कुणी उतरत नसे. पण ज्याच्या मागं माणसं लागली आहेत, किंवा जो टोळी यायच्या आत कुणाचं तरी धान्य काढायला धावला आहे, तो कंदिलाची वाट बघत नाही. अशा माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. लुटीनंतर गावानं उघडी पेवं भीतीपोटी माती लोटून बुजवली, आत न बघता.

हे मी जाऊबाईंना सांगितलं नव्हतं. त्यांना ते लहानपणापासून माहीत होतं. त्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "दादा, माझा बाप असंल का ह्यो?"

तो गावातला सगळ्यात जुना माणूस. लुटीत मारल्या गेलेल्या दोघांपैकी एक त्याचा बाप होता. हा तेव्हा आईच्या कडेवर होता. तो काठीवर हनुवटी टेकून शांतपणे म्हणाला, "हाडं कुणाचीबी असू दे. तुझा बाप हैदराबादेत मेला. माझा हितं मेला."

 जाऊबाईंनी त्या ढिगातलं बोटाचं एक हाड उचललं, कमरेच्या पिशवीतून करंडा काढला आणि हळदीच्या कप्प्यात ते ठेवलं. कुणी अडवलं नाही. बाकीची हाडं दुपारी नदीत गेली. भटजी होते, मंत्र झाले, नाव मात्र कुणाचंच घेतलं गेलं नाही.

परतताना एसटीत त्यांनी मला विचारलं, "मास्तरणी, हाडाचं वय सांगणारी मशीन असती म्हणं. खरं हाय का?"

खरं होतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका प्रयोगशाळेत काम करते. तिला मी फोन केला. आधी तिनं दुसरा मार्ग सुचवला: हाडाचा भुगा आणि जाऊबाईंच्या तोंडात फिरवलेला कापसाचा बोळा, दोन्ही जुळवून नातं बघायचं. तिच्या ओळखीच्या माणसांनी हाडाला बारीक भोक पाडून भुगा काढला. त्यात वाचता येण्यासारखं काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं ओल आणि उष्णता खाल्लेल्या हाडाचं असं होतं. मग उरला कार्बनचा मार्ग.

तो मी जाऊबाईंना समजावून दिला, तसाच तुम्हालाही देते. हवेत साध्या कार्बनबरोबर एक किरणोत्सारी कार्बन असतो, कार्बन-चौदा. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळं तो वर सतत तयार होत राहतो. ज्वारीचं ताट तो हवेतून घेतं, ज्वारी खाऊन तो माणसात येतो. जिवंत आहे तोवर भरणा चालू. जीव गेला की भरणा बंद, आणि आतला साठा झिजायला लागतो. साधारण पावणेसहा हजार वर्षांत निम्मा होतो, पुढच्या तितक्याच वर्षांत उरलेल्याचा निम्मा. किती उरला हे मोजलं की मरून किती काळ झाला ते कळतं.

शाळेत मी हे कवड्यांनी शिकवायचे. कपाटातून जुन्या पटाच्या कवड्या काढल्या, सुपात टाकल्या.

"देवीच्या न्हायत ना त्या?" जाऊबाईंनी खात्री करून घेतली.

सूप हलवलं. ज्या कवड्या उताण्या पडल्या त्या काढून टाकल्या. साधारण निम्म्या राहिल्या. पुन्हा हलवलं, पुन्हा निम्म्या गेल्या. कुठली कवडी कधी उताणी पडेल ते कुणी सांगू शकत नाही, पण उरलेल्या बघून सूप कितीदा हललं ते सांगता येतं. एक हलवणं म्हणजे पावणेसहा हजार वर्षं.

त्यांनी सुपाकडं बघितलं. "आन माझ्या बापाला गेल्याला किती झाली? माझंच वय धर."

"हो."

"मग तर सूप हललंच न्हाय अजून."

माझ्या वर्गात कुणी इतक्या लवकर तिथं पोचलं नव्हतं. हेच मला त्यांना सांगायचं होतं आणि कसं सांगावं ते सुचत नव्हतं. हे घड्याळ मोठ्या काळाचं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड त्याला बऱ्यापैकी कळतं. गेल्या तीनेकशे वर्षांत मात्र सूर्याच्या चढउतारांनी आणि कारखान्यांच्या धुरानं हवेतलं प्रमाण असं वरखाली झालं आहे की त्यातली कुठलीही दोन वर्षं त्याला सारखीच दिसतात. फक्त अगदी अलीकडची एक खूण पक्की आहे. १९५०च्या दशकात मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्ब उडवून पाहिले, त्यानं हवेतला कार्बन-चौदा जवळजवळ दुप्पट झाला. त्यानंतर जगलेल्या प्रत्येकाच्या हाडात ती खूण आहे, माझ्या आणि तुमच्याही. म्हणून या शास्त्रातले लोक आजही मागची वर्षं मोजतात ती १९५० पासून. त्यांच्या लेखी 'आज' म्हणजे तेच साल.

"म्हंजे त्यांच्या हिशेबानं माझा बाप परवाच गेला म्हणायचा," जाऊबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मी स्पष्ट सांगितलं: हाड पांढरीतलं, दोन हजार वर्षांपूर्वीचं निघालं, तर ते तुमच्या वडलांचं नाही हे नक्की होईल. तसं नसेल तर 'असू शकेल' एवढंच कळेल, 'आहे' असं कधीच कळणार नाही. आणि एक गोष्ट आणखी. वय काढायचं तर हाड जाळावं लागतं. तुकडा लहान आहे, सगळाच जाईल.

त्यांनी सुपातल्या कवड्या मुठीत गोळा केल्या. मग म्हणाल्या, "न्हाय म्हणायचं असंल तर न्हाय म्हणू दे. निदान कुणी तरी बघून सांगितलं असं व्हईल. गावानं न बघताच सांगितलं." आणि थोड्या वेळानं, "जाळणार हायत ना? मग कधी, ते विचार."

मी विचारलं. माझ्या विद्यार्थिनीला आधी प्रश्न कळला नाही, मग कळला. ती म्हणाली, "बाई, हाड हळदीनं माखलंय, हळदीतला कार्बन यंदाचा आहे. आधी ते पुष्कळदा धुवावं लागेल. मग त्यातला कामाचा भाग वेगळा काढायचा. जाळायचा दिवस मी आजींना स्वतः कळवते." तिनं शब्द पाळला. बुधवारी सकाळी, अकराच्या सुमाराला.

त्या बुधवारी जाऊबाईंनी डोक्यावरून पाणी घेतलं. चूल म्हणजे गॅस पेटवू दिला नाही. सख्खा भाऊ नाही, मुलगा नाही. अग्नी द्यायला त्यांच्या माहेरचं सख्खं असं कुणी कधी नव्हतंच. दाराबाहेरच्या ओट्यावर पाट टाकून दक्षिणेकडं तोंड करून बसल्या आणि मला शेजारी बसवून घेतलं. आईच्या फोटोला त्या सकाळी त्यांनी बोट टेकवलं नव्हतं. माझ्या लक्षात आलं.

"धूर कुठं जातो?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले की धूर बाहेर जात नाही. बंद काचेच्या नळीत जाळतात आणि निघालेला वायू धरून ठेवतात. मोजायचं असतं ते तोच.

"बाहेर पडतच न्हाय?"

"नाही."

"मग त्याला सुटका कुठली," त्या म्हणाल्या. "पेवातबी तसाच, हितंबी तसाच."

अकरा वाजून गेले. रस्त्यानं उसाच्या गाड्या जात होत्या. दुपारी उठून त्यांनी भात लावला, त्याचा एक घास केळीच्या पानावर ओट्याच्या कडेला ठेवला. कावळा बऱ्याच उशिरा आला. आला हे मी लिहून ठेवते, त्याचा अर्थ मी लावत नाही.

निकाल यायला पावसाळा निम्मा सरला. फोन मी स्पीकरवर ठेवला. माझी विद्यार्थिनी सावकाश, दोघींना कळेल असं बोलली. हाड हजारो वर्षांचं नाही. गेल्या तीनेकशे वर्षांतलं आहे. बॉम्बची खूण नाही, म्हणजे माणूस त्या चाचण्यांच्या आधी गेलेला. याहून जास्त हे यंत्र सांगू शकत नाही. "आजी, असू शकतील ते," ती म्हणाली. "मला एवढंच म्हणता येतं."

"लई झालं, बाळा," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांना लई झालं होतं असं मला वाटत नाही. पण त्यांना जे करायचं होतं त्याला तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओल्या फडक्यानं फोटोची काच पुसली. कपाळाच्या जागी थांबल्या नाहीत, पुसत गेल्या. मग फडकं पिळून वाळत घातलं आणि म्हणाल्या, "आईला आज रांडव केली म्या."

मी विचारलं, कशासाठी. यंत्र तर काहीच बोललं नाही.

"त्यो पेवात मेला म्हणायचं असंल तर तिचं कुंकू ठिवून कसं म्हणू? दोनातलं एकच मिळतंय. तिनं जल्मभर एक धरलं, म्या दुसरं धरते."

पुढच्या गुरुवारी आम्ही त्यांच्या माहेरी गेलो. त्यांना ही गोष्ट गावात, त्या म्हाताऱ्यासमोर, बोलून दाखवायची होती. मारुतीच्या पारावर चारपाच माणसं होती. जाऊबाई पायरीवर बसल्या, पदर सारखा केला आणि यंत्रानं जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. मला वाटलं, थोडा वाढवायला हवा होता.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया म्हणावी तर तीही नव्हती. तो म्हणाला, "तीनशे वर्सांत गावात काय एकच माणूस मेला का, बाई? अधोली घावली असती त्याच्याजवळ, तर मानलं असतं."

अधोली सापडली नव्हती. माझ्या विषयात अशा वेळी म्हणतात, पुरावा अपुरा. त्याचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येईना. त्याच्या बापाचा जीव गेला ते पेवही कुणीतरी दाखवून दिलं होतं. मापाडी नाही म्हटलं तर मग कोण, हा प्रश्न त्याला या वयात नव्यानं उचलायचा नव्हता.  कुणीतरी चहा मागवला. जाऊबाईंनी तो घेतला नाही.

भाच्यानं आम्हाला स्टँडवर सोडलं. वाटेत तो म्हणाला, "आत्या, सोडा आता. कुणाला आठवतंय इथं?" त्या म्हणाल्या, "पारावर सगळ्यांला आठवत हुतं की."

त्यानंतर त्या फार बोलत नसत. आजार असा काही नव्हता; जेवण कमी झालं, मग फिरणं बंद झालं. माझ्या विद्यार्थिनीनं एकदा फोन करून विचारलं होतं की हाडापासून केलेल्या काळ्या भुकटीतला मोहरीएवढा अंश शिल्लक आहे, पेन्सिलीच्या शिशासारखा दिसतो, पाठवू का. मी जाऊबाईंना विचारलं. म्हणाल्या, "असू दे तिथंच. गाव घेत न्हाय त्याला." भाद्रपदात, पितृपंधरवडा लागायच्या आधी त्या गेल्या. माहेरहून भाचा एकटा आला.

हे सगळं असं झालं. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला वाटेल की आणखी एखादी चाचणी करता आली असती. मी सगळ्या विचारून पाहिल्या. हाडं नदीत आहेत, बोट जळून गेलं, ते पेव आता रस्त्याखाली आहे.

जाऊबाईंच्या खोलीची आवराआवर मागच्या आठवड्यात केली. फोटो माझ्या खोलीत आणून लावला. रोज धूळ पुसते. काचेच्या मधोमध, कपाळाच्या जागी, इतक्या वर्षांच्या कुंकवाचा एक फिकट गोल डाग आहे. ओल्या फडक्यानं पुसून पाहिला, लिंबानं पाहिला. जात नाही. मी त्याच्यावर काही लावत नाही आणि काच बदलायलाही अजून दिलेली नाही.